नाही म्हणणारी मूर्ती

१

मूर्तीचा पदर डाव्या खांद्यावर होता, आणि तो तिथे असायला नको होता.

अरुंधती दिघेनं आधी तेवढंच पाहिलं. यशोदा मिलच्या कापूसगोदामात जमलेले बाकीचे सगळे पदराच्या वर बघत होते, कारण तिथे मूर्तीचं डोकं नव्हतं. मानेवर ओढलेल्या पदराखाली एक लोखंडी सळई सावकाश डावीकडे वळत होती, थांबत होती, पुन्हा उजवीकडे येत होती. बत्ती, म्हणजे वीज, नुकतीच आली होती. बत्ती आली की मोटर चालू होणार, आणि मोटर चालू झाली की मूर्ती मान हलवून नाही म्हणणार, ही योजना अरुंधतीचीच. जुन्या टेबल फॅनची वळणारी मान काढून तिनं ती मूर्तीच्या गळ्यात बसवली होती. आता डोक्याशिवायच ती खुर्चीतली बाई समोरच्या सगळ्यांना नाही, नाही म्हणत होती.

"बंद करा रे ते," झांकीचं सगळं बघणारे संताजीकाका म्हणाले. "बघवत नाही."

अरुंधती मागच्या फळीपाशी गेली. खटका चालू होता. तिनं तो खाली केला आणि सळई थांबली.

इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात. ट्रॉलीवर हलत्या मूर्ती, दिव्यांची रोषणाई, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना लोटलेलं सगळं शहर. यशोदा मिलला टाळं लागून काही वर्षं झाली होती. पगार थांबला, भोंगा थांबला. झांकी मात्र कामगारांनी थांबू दिली नव्हती. अरुंधतीचे वडील मिलच्या ऑफिसात कारकून होते. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागली तेव्हापासून झांकीतली हलणारी कामं तिच्याकडे आली, आणि मिलपासून लांब, अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला राहायला गेल्यावरही तिच्याकडेच राहिली.

यंदाच्या दुसऱ्या ट्रॉलीवर पुराणातलं काही नव्हतं. एक म्हातारी थाळी पुढे करते आणि खुर्चीत बसलेली पार्षद, म्हणजे वॉर्डाची नगरसेविका, मान हलवते, एवढाच देखावा. त्याला कारणही तसंच होतं. वॉर्डाच्या कल्याण समितीनं उन्हाळ्यात मिलच्या विधवांची पेन्शन बंद केली. म्हणे यांना कोर्टातून मिलची थकबाकी मिळणारच आहे. कोर्टातला खटला कधी संपणार हे खुद्द वकिलालाही सांगता येत नव्हतं. लोक पार्षदांच्या दाराशी अनेकदा गेले. "बघू, विचार करू," एवढंच उत्तर मिळालं. चतुर्दशीनंतर लगेच समितीची बैठक होती, आणि त्या बैठकीत ठराव कायम झाला की विषय वॉर्डाच्या हातातून सुटणार होता. त्याआधी सगळ्या शहरासमोर प्रश्न विचारायची ही एकच संधी, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती.

"डोकं काय हवेत उडालं?" कोणीतरी म्हणालं. "गेटवर कोण बसलं होतं?"

सगळे ज्ञानदीपकडे वळले.

२

ज्ञानदीप भीमाबाईचा मुलगा. मिलमध्ये बदली कामगार होता, पक्का होणार होता त्याच साली मिल बंद पडली. आता पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात रोजावर जायचा, काम असलं तर. भीमाबाईचीच पेन्शन बंद झाली होती आणि झांकीतली थाळी घेतलेली म्हातारी तिच्यावरूनच घडवली होती. तरी आता चारचौघांत कुजबुज सुरू झाली. पार्षदाकडून याला नोकरीचा शब्द मिळाला असणार. नाहीतर गेटवर माणूस असताना डोकं बाहेर जाईल कसं?

अरुंधतीनं त्याला बाजूला घेतलं. तो रागावलेला नव्हता, खचलेला होता.

"मी गेट सोडलं नाही, ताई. कसम से. दुपारी बत्ती गुल झाली, आत भट्टी झाली, तर सगळे बाहेर नीमखाली येऊन बसले. मी गेटवरच. आत कोणी नाही गेलं."

"अगदी कोणीच नाही?"

"कोणी म्हणजे, बायका आल्या ना जेवण घेऊन. रोजच येतात. गल्लीतल्या गेंदालाल भियाची बहू टोपली घेऊन आत गेली, ठेवून आली असेल पुऱ्या-बिऱ्या. थोड्या वेळानं टोपली घेऊन परत गेली."

"तिचा चेहरा पाहिलास?"

ज्ञानदीपनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं भलतंच काही विचारलं. ती लांब घूंघटमध्ये होती, तो म्हणाला. मोहल्ल्याची सून समोरून घूंघट ओढून येते तेव्हा माणूस खाली बघतो, ही काय सांगायची गोष्ट आहे?

अरुंधतीनं मग त्याला एक साधा प्रश्न विचारला. हे डोकं उतरवायला तुला सांगितलं असतं, तर तू आधी काय केलं असतंस?

"खटका पाडला असता."

"बत्ती तर गेलेली होती."

"म्हणून तर. कधी येईल काय माहीत, अन् बोट आत अडकलं तर? आपल्या खात्यात पट्टा बंद केल्याशिवाय मशीनला हात लावला तर मुकादम कानाखाली वाजवायचा." तो पहिल्यांदा जरासा हसला. "आता मुकादम नाही, पण हात अजून भितो."

तिनं हाच प्रश्न एकेक करून गोदामातल्या बाकीच्यांनाही विचारला. उत्तर तेच आलं, आणि मूर्तीचा खटका तर चालूच सापडला होता. संताजीकाकांनी तर उलट तिलाच झापलं की एवढी शिकलेली असून असं काय विचारतेस.

म्हणजे ज्यानं कोणी डोकं नेलं, त्यानं मिलच्या मशीनवर कधी हात ठेवलेला नव्हता. एवढं नक्की झालं. आणि तो कोणी दांडगटही नव्हता, कारण दांडगट माणूस मूर्ती फोडतो. इथे डोकं सळईवरून हळुवार वर काढलं होतं. कागदाच्या लगद्याचा एक टवकाही खाली पडला नव्हता. नंतर उघडी मान पदरानं झाकली होती.

तिनं मूर्तीजवळ जाऊन तो पदर पुन्हा पाहिला. मूर्तिकार पंढरीनाथनं पार्षदांच्या निवडणुकीच्या पोस्टरवरून मूर्ती घडवली होती. पोस्टरवर सीधा पल्ला होता, मागून डोक्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर पुढे सोडलेला, माळवी बायका घेतात तसा. पंढरीनाथनं तो तसाच बसवून लोखंडी चुका मारल्या होत्या. त्या चुका आता सुट्या पडल्या होत्या. पदर छातीवरून डाव्या खांद्यावर गेला होता. त्याच्या बारीक, सारख्या निऱ्या केल्या होत्या, आणि त्या आतून सेफ्टी पिनेनं टाचल्या होत्या, बाहेरून पिन दिसणार नाही अशा बेतानं.

या मोहल्ल्यात असा पदर घेणारी बाई मराठी असणार. अरुंधतीला हा निष्कर्ष आवडला नाही. मिलच्या या गल्लीत मराठी घरं मोजकीच होती, आणि गोदामाच्या सगळ्यांत जवळचं घर भीमाबाईचं होतं.

३

भीमाबाई दारातच गहू निवडत बसली होती. नऊवारी नेसलेली, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचलेला. तिचे आजोबा महूच्या पलटणीत होते आणि बोलताना ती अजूनही अशी ताठ बसायची की समोरच्यानंही पाठ सरळ करावी. पोरावर आळ आलाय हे तिला कळलं होतं.

"त्यानं विकलं म्हणतात," ती म्हणाली. "काय विकलं? माझीच पेन्शन माझ्याच पोरानं? तेवढ्यावर तर या घरात गहू यायचा."

अरुंधतीनं ओढूनताणून विषय काढला नाही. तिनं सरळच विचारलं की मावशी, दुपारी तुम्ही गोदामात गेला होता का.

भीमाबाईनं सूप खाली ठेवलं. आपल्यावरही शंका आहे हे तिला समजलं, पण ती चिडली नाही. नव्हती गेली, ती म्हणाली. गेली असती तर डोकं नेलं नसतं. उलट त्या डोक्याला चार गोष्टी ऐकवून आली असती. मूर्तीसमोर बोलायला हरकत नव्हती, कारण खऱ्या पार्षदाच्या घरी गेलं की पार्षद भेटतच नाही, नवराच भेटतो.

"तुम्ही पदराला पिन लावता का कधी?"

"पिन?" भीमाबाईला हसू आलं. "मी काय मास्तरीण आहे? फळ्यावर हात वर करायचा असतो तुम्हाला, म्हणून टाचून ठेवता. आम्ही खोचतो, झालं."

अरुंधतीचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या खांद्यावर गेला. आतून टाचलेली पिन बोटांना लागली. रोज सकाळी आरशात न बघताच ती ही पिन लावत होती.

निघता निघता तिनं गेंदालालच्या सुनेबद्दल विचारलं. भीमाबाई चकित झाली. ती पोरगी तर राखीच्याही आधीपासून देवासला माहेरी आहे, बाळंतपणाला. परवाच मुलगा झाला, पेढेही वाटून झाले. ज्ञानदीपला कळायचं कसं? बायकांच्या घरच्या गोष्टी त्याच्या कानावरून जातात.

तर मग टोपली घेऊन गोदामात गेली ती सून कोण होती?

४

संताजीकाकांचा संशय सरळ बाळकृष्णवर होता. बाळकृष्ण म्हणजे पार्षद शोभनाचा नवरा. वॉर्डातले सगळे त्यालाच पार्षदजी म्हणायचे. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यानं बायकोला उभं केलं, आणि निकाल लागला त्या दिवशी हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. यंदा झांकीतली मूर्ती कोणाची आहे हे कळल्यावर त्यानं काकांना सुचवलं होतं की डोकं बदला, मी नवा जनरेटर देतो. काकांनी विचार करायला वेळ मागितला होता. हे त्यांनी अरुंधतीला मान खाली घालूनच सांगितलं. बत्तीचे हाल त्यांना बघवत नव्हते. पण ते हो म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अरुंधती जुन्या इंदूरला बाळकृष्णच्या घरी गेली. ओट्यावर माणसं बसली होती. कोणाला नळ हवा होता, कोणाला दाखला. बाळकृष्णनं तिला आदरानं आत बसवलं.

"बोला, मॅडम. आपल्या वॉर्डात एवढी पढी-लिखी माणसं येतात कुठे."

डोक्याचं ऐकून तो मनापासून हसला. काल दुपारी तो एका गणपतीच्या आरतीला होता, शंभर माणसांत, फोटोही निघाले. आणि मला चोरी कशाला करायला हवी, मॅडम? मनात असतं तर झांकीची परवानगीच अडवली नसती का? एक फोन पुरे होता. अरुंधतीला हे पटलं. त्याला चोरीची गरज नव्हती, हेच त्याच्या निर्दोषपणाचं आणि त्याच्या माजाचं एकच प्रमाण होतं.

मग तो पेन्शनवर आला. बोलण्याच्या ओघात तो म्हणाला, समितीत मी स्वतः समजावून सांगितलं सगळ्यांना, की एकाच माणसाला दोन हातांनी का द्यायचं. वाचलेल्या पैशात वॉर्डाचं स्वागतद्वार होईल, मोहल्ल्याची शान वाढेल.

"समितीत तुम्ही होता?"

"आमच्या मॅडम कुठे बोलणार त्या गडबडीत. त्या सही करतात. शाळेतली बाई आहे, अक्षर सुंदर आहे."

तेवढ्यात शोभना चहा घेऊन आली. पोस्टरवर आणि सभेत दिसणारा डोक्यावरचा सीधा पल्ला घरात नव्हता. छातीवरून डाव्या खांद्यावर गेलेला पदर, बारीक, सारख्या निऱ्या. पिन दिसत नव्हती. शोभनानं कप ठेवला आणि क्षणभर अरुंधतीकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीची ती नजर होती.

ओट्यावरून कोणीतरी हाक मारली आणि बाळकृष्ण उठून बाहेर गेला. अरुंधतीनं रिकामा कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेली.

५

"पाहिलंत तुम्ही," शोभना म्हणाली. पाठ फिरवूनच.

अरुंधती म्हणाली की हो, पाहिलं. तिनं काही शोधायला हात घातला नाही. शोभनानंच धान्याच्या कोठीचं झाकण उचललं. आत, गव्हावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं तिचं स्वतःचं डोकं होतं. पंढरीनाथनं काम चांगलं केलं होतं. भुवईवरची बारीक खूणसुद्धा सोडली नव्हती.

"लोक म्हणाले, तुमची मूर्ती बनली आहे. मी बघायला गेले. चेहरा दाखवून गेले असते तर लगेच ह्यांच्या कानावर आलं असतं, म्हणून घूंघट ओढला, टोपली घेतली. आत कोणी नव्हतं. मूर्ती थांबलेली होती, पण मान एका बाजूला वळलेली होती. कोणी नाही म्हणता म्हणता मध्येच थांबावं, तशी."

तिला हसणाऱ्या लोकांचा राग आला नव्हता, ती सांगत होती. तो चेहरा नाही म्हणत होता, ते तिला सहन झालं नाही. कारण तिनं कधी नाही म्हटलंच नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. ठरावाचा कागद घरी आला, पोळ्या करताना, हात पुसून सही केली. कोणाची पेन्शन गेली हे तिला नंतर कळलं, ओट्यावर भीमाबाई भांडत होती तेव्हा, दाराआडून. डोकं उचललं आणि खालचा उघडा दांडा पाहून तिला कसंतरी झालं. बाईची मान अशी उघडी कशी सोडायची, म्हणून पदर घेतला.

"तुम्ही मूर्तीला नेसवलं नाही," अरुंधती म्हणाली. "स्वतःला नेसवलंत. हात सवयीनं चालले. खटका मात्र तुम्हाला माहीत नव्हता."

शोभनानं झाकण लावलं. कोणाला सांगणार का, असं तिनं विचारलं. नाव न घेता डोकं परत पोचवता आलं तर बरं, असंही सुचवलं.

अरुंधतीला तिची दया आली होती, आणि म्हणूनच ती जरा थांबून बोलली. ज्ञानदीपवर आळ आहे, ती म्हणाली, तो मी आज दुपारी काढणार. त्यासाठी तुमचं नाव लागणार नाही. डोकं मी नेणार नाही, ते तुम्ही नेलंत, तुम्ही आणा किंवा ठेवा. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात येत नाहीये. मोहल्ला भांडतो बाळकृष्णजींशी, मागतो त्यांच्याकडे, शिव्या देतो त्यांना. तुमच्याकडे मागायचं कोणालाच सुचत नाही, म्हणून तर कालपासून चोर म्हणूनही तुमचं नाव कोणी घेतलं नाही.

"मी काय करू शकते?"

"ते मला माहीत नाही. मताच्या चिठ्ठीवर नाव मात्र तुमचं होतं, शोभनाताई. त्यांचं नव्हतं. भीमाबाईनं मत दिलं ते तुम्हाला. सहीही तुमचीच आहे. ती घरात केली की समितीत, यानं तिच्या गव्हाला काही फरक पडला नाही."

बाहेर बाळकृष्णची चप्पल वाजली. शोभनानं पदर डोक्यावर घेतला आणि चहाचे कप धुवायला घेतले.

६

दुपारी गोदामात सगळे जमले. ट्रॉलीला ट्रॅक्टर जोडून झाला होता, दिव्यांच्या माळा लावून झाल्या होत्या. खुर्चीत धड तसंच होतं. त्यावर मडकं ठेवून चेहरा रंगवा, असं पंढरीनाथ म्हणत होता, आणि सगळ्यांना ते वाईट वाटत होतं.

अरुंधतीनं त्यांना क्रमानं सांगितलं. फळ्यावर समजावून सांगते तशी. खटका चालूच राहिला, तेव्हा हे मिलच्या माणसाचं काम नाही. काही फुटलं नाही, तेव्हा भाडोत्री दांडगटाचंही नाही. पदर टाचला गेला, तेव्हा ती बाई, मराठी, शाळा-ऑफिसात वावरलेली. आणि ती बाई घूंघट घेऊन गेटातून आत गेली, तेव्हा ज्ञानदीपनं तेच केलं जे तुम्ही सगळ्यांनी केलं असतं. खाली पाहिलं. गेंदालाल भियांची सून त्या वेळी देवासला बाळाला पाजत होती.

गेंदालाल भियांनी जोरात मान डोलावली.

कुजबुज थांबली. ज्यांनी कालपासून तोंड फिरवलं होतं त्यातल्या एकानं ज्ञानदीपला विडी देऊ केली. त्यानं ती घेतली नाही, पण त्याच्या शेजारी बसला. संताजीकाकांनी डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

"पण मग कोण?" त्यांनी विचारलं. "मराठी, शाळेतली. ताई, तुझ्याशिवाय कोण आहे इथे अशी?"

लोक हसले. अरुंधतीही हसली. नाव तिच्या जिभेवर होतं आणि तिनं ते तिथेच राहू दिलं. सांगणं सोपं होतं. पण तिनं सांगितलं असतं तर शोभना आणखी एकदा दुसऱ्याच्या तोंडून बोलली गेली असती.

बाहेर जीप थांबली. नारळ फोडायला पार्षदजी आले होते. बाळकृष्ण हसत आत आला, बिनडोक मूर्ती पाहून त्याचं हसू अजूनच मोकळं झालं. भिया लोक, तो म्हणाला, झालं ते झालं, आता ही ट्रॉली राहू द्या, पहिलीच काढा. जनरेटर अजून तयार आहे. संताजीकाकांनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा ट्रॉलीवरच्या थाळी घेतलेल्या म्हातारीकडे, आणि मग म्हणाले, "नको, भिया. आमची बत्ती आम्ही बघू."

तेव्हा गोदामाच्या दारातून एक बाई आत आली. तिनं घूंघट घेतला नव्हता. पदर डाव्या खांद्यावर टाचला होता आणि दोन्ही हातांत, पोटाशी धरून, स्वतःचं डोकं आणलं होतं.

काही क्षण कोणालाच काय बघायचं ते कळेना, हातातला चेहरा की वरचा. ज्ञानदीप उभा राहिला. या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही.

"मी नेलं होतं," शोभना म्हणाली. "याचा काही दोष नाही."

बाळकृष्ण तिच्याकडे दोन पावलं आला. घरी चल, तो हलक्या आवाजात म्हणाला, इथे बघतायत सगळे. तिनं ऐकलं, पण पाय हलवले नाहीत. डोकं तिनं पंढरीनाथकडे दिलं.

"बसवा. जे केलं ते केलं मी. लोकांनी बघितलं पाहिजे."

पंढरीनाथनं आधी मागे जाऊन खटका पाहिला, मग ट्रॉलीवर चढला.

गर्दीतून वाट काढत भीमाबाई पुढे आली. इतके महिने ती हा प्रश्न घेऊन ओट्यावर, ऑफिसात, वकिलाकडे फिरली होती. आता ती शोभनासमोर येऊन उभी राहिली, ताठ, आणि एकदा बाळकृष्णकडे बघून घेतलं, जसं बाजूला ठेवलेल्या सामानाकडे बघावं.

"बाई, मी तुम्हाला विचारते. यांना नाही. माझी पेन्शन चालू होणार का नाही?"

"समितीत ठेवू," बाळकृष्ण म्हणाला. "बघू, विचार करू. मावशी, तुम्ही सणाच्या दिवशी..."

शोभनानं सवयीनं त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात अरुंधतीला वाटलं की झालं, गेलं सगळं. बाहेर ढोलवाल्यांनी हात गरम करायला एक-दोन थापा मारल्या आणि थांबले. शोभनानं मान वळवून भीमाबाईकडे आणली. तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा निघाला, मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"होणार. तुमची, आणि जेवढ्यांची बंद केली त्या सगळ्यांची. मी सही केली, तो मागे घ्यायचा ठराव मीच मांडणार. कोण विरोधात हात वर करतो ते नावानिशी या गेटवर येऊन सांगणार. आणि अहो, बैठकीच्या दिवशी तुम्ही घरी थांबा. समितीच्या खुर्चीत मी बसणार आहे."